सी ड्राइव्हची लाल पट्टी, बाबांची कीर्तनं आणि सॅमसंग टी-७

माझ्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह २३७ जीबीचा. गेल्या वर्षी माघात त्याची पट्टी लाल झाली, आत दीड जीबी जागा उरली आणि बाबांच्या दासनवमीच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग पूर्वरंगातच, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातच, थांबलं. कॅसेट पुढे फिरत होती, लॅपटॉपने मात्र घेणं बंद केलं होतं. त्याच आठवड्यात मी सॅमसंगचा टी-७ हा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला. त्याला आता दीड वर्ष होत आलं. जवळजवळ रोज वापरून जे कळलं ते लिहिते आहे. घरातल्या कॅसेट, वह्या, लग्नाचे अल्बम कॉम्प्युटरवर उतरवून घेणारे आपल्यात पुष्कळजण आहेत, आणि दुकानात गेल्यावर नेमकं काय मागायचं हे कुणी धड सांगत नाही.

माझं काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे जागेचा हिशोब समजेल. बाबा नारदीय कीर्तनकार. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत त्यांनी रामनवमी आणि दासनवमीच्या उत्सवात कीर्तनं केली. त्यांच्यामागे घरात ४१ वह्या आणि ११८ कॅसेट राहिल्या. वही उघडली की अभंग काळ्या शाईत, आख्यान निळ्या शाईत आणि साकी, दिंडी, आर्या या वृत्तांतली पदं लाल शाईत. समासात पेन्सिलीने गावाचं नाव आणि तिथी. एका गावात एकदा लावलेलं आख्यान पुढच्या वर्षी तिथेच परत लावायचं नाही, म्हणून ही नोंद. ती पेन्सिल आता इतकी फिकट झाली आहे की साध्या स्कॅनमध्ये उमटतच नाही. म्हणून मी वह्या रंगीत आणि ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करते.

आणि जागा तिथेच जाते. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयला टिफ, म्हणजे चित्र न दाबता जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये ठेवलं की साधारण १०४ एमबी होतं. माझ्या वह्या दोनशे पानी. उघडी वही स्कॅनरच्या काचेवर जेमतेम मावते, म्हणजे एका वहीचे शंभर स्कॅन, साधारण १० जीबी. ४१ वह्यांचे सव्वाचारशे जीबी झाले. कॅसेटचं गणित वेगळं. सीडीच्या दर्जाची वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी फाइल एका मिनिटाला दहा एमबीच्या थोडी वर जाते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ९५० एमबी. पण ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या फुकट प्रोग्रॅममध्ये काम चालू असताना आवाज मूळ सेटिंगप्रमाणे सीडीच्या १६ ऐवजी ३२ बिटमध्ये साठतो, तेव्हा त्याच कॅसेटचा प्रोजेक्ट दुप्पट जागा खातो. सगळं मिळून साडेसातशे जीबीच्या आसपास. २३७ जीबीच्या लॅपटॉपमध्ये, ज्यातले ९० जीबी विंडोज आणि प्रोग्रॅमनीच घेतलेत, हे बसणार कसं?

तरी वर्षभर मी बसवत राहिले. रिसायकल बिन रिकामा कर, मुलीच्या कॉलेजच्या फाइली पेन ड्राइव्हवर टाक, डाउनलोड साफ कर. विनडिरस्टॅट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो ड्राइव्हमध्ये कुठली फाइल किती जागा अडवून बसली आहे ते रंगीत चौकोनांत दाखवतो. त्यात हायबरफिल नावाचा काही जीबींचा चौकोन दिसला. लॅपटॉप हायबरनेट करताना लागणारी ती फाइल. मी हायबरनेट वापरत नाही, म्हणून मुलीने फोनवर सांगत सांगत ती बंद करून घेतली. काही जीबी मोकळे झाले आणि तीन कॅसेटमध्ये परत भरले. साफसफाई केलीच पाहिजे, पण काम वाढत जाणारं असेल तर तिने महिना निघतो, वर्ष निघत नाही.

बाहेरच्या ड्राइव्हला मी इतके दिवस का टाळत होते, तेही सांगायला हवं. २०१९ मध्ये माझ्याकडे एक फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण तशा कुठल्याही डिस्कचं हे होऊ शकतं. लॅपटॉपमध्ये जागा हवी म्हणून मी १४ कॅसेटची रेकॉर्डिंग तिच्यावर हलवली. कॉपी नव्हे, कट करून पेस्ट केली. एका संध्याकाळी डिस्क चालू असताना टेबलावरून खाली पडली. पुन्हा लावली तर आतून टक, टक, टक असा ठेका यायचा आणि ड्राइव्ह दिसायचा नाही. पुण्यात डेटा काढून देणाऱ्याने २८ हजार सांगितले, वर खात्री काहीच नाही. १४ पैकी ११ कॅसेट घरात होत्या, त्या मी परत उतरवल्या. तीन नव्हत्या. त्यांची फीत जागोजागी चिकटलेली होती, एकदा नीट वाजल्या म्हणून उतरवून घेतल्या आणि "आता कॉम्प्युटरवर आहेत" म्हणून टाकून दिल्या होत्या. त्यातली एक रामजन्माच्या कीर्तनाची होती. ते कीर्तन आता कुठेच नाही.

म्हणून या वेळी साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानात गेले तेव्हा पहिला प्रश्न वेगाचा नव्हताच. "दादा, पडलं तर काय?" एवढंच विचारलं. दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक २ टीबीची (टीबी म्हणजे हजार जीबी) साधी हार्ड डिस्क, सहा हजारांच्या आत. दुसरी सॅमसंगची टी-७, १ टीबी, साडेआठ हजारांच्या आत. "काकू, हिच्यात तबकडी फिरते, हिच्यात काही फिरतच नाही," तो म्हणाला. मला तेवढ्यात फरक कळला. टी-७ एसएसडी आहे. आत चिप, हलणारा भाग एकही नाही, आणि कंपनी दोन मीटरवरून पडली तरी चालेल असं सांगते. मी पाडून पाहिलेला नाही, पाहणारही नाही. (हे भाव माझ्या खरेदीच्या वेळचे. एसएसडीचे भाव फार खालीवर होतात, घेताना दोन दुकानांत विचारा.)

हातात घेतल्यावर विश्वास बसत नाही इतकी ती लहान आहे. ८५ मिमी लांब, ५७ रुंद, जाडी फक्त ८. वजन ५८ ग्रॅम. कॅसेट तिच्यापेक्षा मोठी असते. मी कॅसेटच्या रिकाम्या डबीत घालून पाहिली, आत हलायला जागा उरते. अंग धातूचं, कोपऱ्यावर एक बारीक दिवा, काम चालू असताना लुकलुकतो. मोठी कॉपी चालू असेल तर अंग कोमट लागतं. आतली उष्णता धातूच्या अंगातून बाहेर पडते, म्हणून हाताला जाणवते. मी तिला कापडाच्या पिशवीत गुंडाळून काम करत नाही, टेबलावर उघडी ठेवते. डब्यात दोन केबल येतात. एक दोन्हीकडे सी, दुसरी एका टोकाला आपलं नेहमीचं यूएसबी. दोन्ही आखूड आहेत. टेबलाखालच्या सीपीयूला मागून जोडणार असाल तर ड्राइव्ह लोंबकळत राहील, त्याचा विचार आधी करा.

या केबलचं मी मुद्दाम लांबण लावणार आहे, कारण इथे माझे दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी डब्यातली केबल बाजूला ठेवून मी मोबाइलच्या चार्जरची सी केबल लावली, ती लांब होती म्हणून. ९६ जीबी कॉपीला लावले. वेग सेकंदाला ३८ एमबी, पाऊण तास दाखवत होतं. डब्यावर तर १०५० लिहिलेलं. दुकानदाराने फसवलं असं वाटून दुसऱ्या दिवशी पावती घेऊन निघालेच होते. मुलीने फोनवर विचारलं, "आई, केबल कुठली लावलीस?" चार्जरच्या पुष्कळ केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात. डेटासाठी त्यांच्यात जुन्या यूएसबी २ च्याच तारा असतात, आणि त्यातून चाळीसच्या वर काही जात नाही. डब्यातली केबल लावली, ती लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये घातली, आणि तेच ९६ जीबी चार मिनिटांत गेले. चारशेच्या आसपास वेग मिळाला. १०५० मिळत नाही, कारण माझ्या लॅपटॉपचं पोर्ट ५ गिगाबिटचं आहे आणि ड्राइव्हला पूर्ण वेगासाठी १० गिगाबिटचं लागतं. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी डब्यावरचा आकडा बघून हरखू नये, पण साध्या हार्ड डिस्कला जिथे शंभर-सव्वाशे मिळतात तिथे चारशे म्हणजे मला तरी पुष्कळच.

दुसरा धक्का १ टीबीचा. लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं. माझ्या २५६ च्या लॅपटॉपचे २३७-२३८ होतात तेही यामुळेच. खरेदी करताना दर हजार जीबीमागे सत्तरेक जीबी मनातून वजा करून चालावं.

ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतो, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो. माझ्या घरात मॅक नाही. मी तो नवा, रिकामा असतानाच एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट करून घेतला. एनटीएफएस फाइलींच्या मांडणीतल्या बदलांची आतल्या आत नोंद ठेवतं, त्यामुळे मधेच केबल निघाली तर सगळं विस्कटण्याची भीती कमी. मॅक मात्र एनटीएफएस नुसतं वाचतं, त्यावर लिहू देत नाही, तेव्हा दोन्ही वापरणाऱ्यांनी आहे तसाच ठेवावा. फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हवर आलेली कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाइल बाजूला काढून घ्या, ती पुसली जाते. जुन्या एफएटी३२ मध्ये कुणी फॉरमॅट करून देत असेल तर नको म्हणा, त्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही.

आता लॅपटॉपमधून काय बाहेर काढायचं? माझा नियम असा बसला आहे: प्रोग्रॅम आत, सामान बाहेर. विंडोज, ऑडॅसिटी, स्कॅनरचं सॉफ्टवेअर हे सी ड्राइव्हवरच राहिलं पाहिजे, ती फोल्डर ओढून बाहेर टाकली तर प्रोग्रॅम बंद पडतील. वेव्ह, टिफ, फोटो, व्हिडिओ हे बिनधास्त हलवा. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्समध्ये डिरेक्टरीज म्हणून भाग आहे, तिथे तात्पुरत्या फाइलींची जागा बदलून मी टी-७ वर दिली. सेव्ह न केलेलं रेकॉर्डिंग तोवर सी ड्राइव्हवरच साठत होतं, दासनवमीचं कीर्तन तिथेच अडलं होतं. पिक्चर्सचं फोल्डरही प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमधून बाहेर नेता येतं. ते मी केलं आणि आठवड्यात परत आत आणलं, कारण ड्राइव्ह लावलेला नसला की फोटो शोधताना लॅपटॉप अडखळायचा.

एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडली. विंडोज ड्राइव्हला त्या वेळी मोकळं असेल ते अक्षर देतं. आधी पेन ड्राइव्ह लावला असेल तर काल डी असलेला ड्राइव्ह आज ई होतो, आणि ऑडॅसिटीला तात्पुरत्या फाइलींची जागा सापडत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मी टी-७ ला के अक्षर कायमचं देऊन टाकलं. के म्हणजे कीर्तन. तेव्हापासून एकदाही हा घोळ झाला नाही.

काढताना खालच्या कोपऱ्यातून सुरक्षित काढायची सूचना देऊन, मगच केबल ओढते. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून ड्राइव्ह झटकन काढता यावा असंच मूळ सेटिंग असतं हे खरं, तरी ऑडॅसिटी उघडी असताना केबल ओढण्याचं धाडस मी करणार नाही.

पासवर्डची सोय यात आहे, तीही हार्डवेअरमधून होणारी २५६ बिटची. ऑफिसची कागदपत्रं, बँकेचे हिशोब ठेवणार असाल तर जरूर वापरा. मी लावलेला नाही. पासवर्ड विसरला तर आतलं कुणालाही परत काढता येत नाही, आणि माझ्या ड्राइव्हवरचं सामान माझ्यानंतर कुणाला तरी उघडता आलंच पाहिजे. उलट मी त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं आहे, "बाबांच्या वह्या आणि कीर्तनं. पुसू नये."

कमी काय आहे? पाणी आणि धूळ यांचं संरक्षण टी-७ ला नाही. त्याच कंपनीचा टी-७ शील्ड आयपी-६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारा आहे, बाहेर शूटिंगला जाणाऱ्याने, पावसात गाडीवर फिरणाऱ्याने तो बघावा. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण ती ड्राइव्हची असते, आतल्या सामानाची नसते. बिघडला तर बदलून नवा मिळेल, कोरा. आणि एसएसडी ही कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरायची वस्तू नाही. चिपमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तो हळूहळू झिरपू शकतो. रोज काम करायला एसएसडीसारखी दुसरी गोष्ट नाही, पण पेटीत ठेव म्हणून ठेवायला ती नव्हे.

स्वस्त ड्राइव्हबद्दल कळकळीने सांगते. आमच्या शेजारच्या काकांनी ऑनलाइन "१६ टीबी" एसएसडी १,८९९ रुपयांना मागवला. नातवाच्या मुंजीचे व्हिडिओ त्यावर टाकले, फोन रिकामा केला. पहिले काही व्हिडिओ चालले, बाकीचे उघडेनात. असल्या डबीत बहुतेक वेळा एक लहान मेमरी कार्ड असतं आणि कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉपला १६ टीबी दिसतात, कार्ड भरल्यावर नवीन फाइल जुनीच्या अंगावर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही, आणि कॉपी मात्र पूर्ण झाली असं दिसतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. तो पूर्ण ड्राइव्ह भरतो आणि परत वाचून ताडून पाहतो. माझा टी-७ खात्रीच्या दुकानातला, पावतीचा, तरी सामान टाकायच्या आधी मी ही तपासणी केली. तास-दीड तास लागला, शेवटी हिरवा शेरा आला. नवा ड्राइव्ह घ्याल तेव्हा तो रिकामा असतानाच हे करा.

त्या दिवशी दुकानातून मी टी-७ एकटा आणला नाही. दुसरी, २ टीबीची साधी हार्ड डिस्कही घेतली. दुकानदार म्हणाला, "काकू, एकच पुरेल की." जागेसाठी एक पुरला असता. पण लॅपटॉपमधून काढून बाहेरच्या ड्राइव्हवर टाकलं म्हणजे प्रत एकच राहिली, तिची फक्त जागा बदलली, हे मी रामजन्माचं कीर्तन गमावून शिकले आहे. जागा वाचवायची असेल तरी सामान दोन ठिकाणी हवं. म्हणून एकाच ड्राइव्हचे पैसे असतील तर माझं मत असं, की १ टीबीच्या एसएसडीऐवजी त्याच पैशांत लहान एसएसडी आणि एक साधी हार्ड डिस्क बसते का ते आधी बघा. वेग सोडता येतो.

शनिवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की मी दोन्ही जोडते आणि आठवड्याचं काम टी-७ वरून हार्ड डिस्कवर कॉपी करते. कट नाही, कॉपी. दोन्हीकडच्या फोल्डरचा आकार जुळला का ते बघते आणि एक-दोन फाइली हार्ड डिस्कवरून उघडून ऐकते. ही दुसरी डिस्क चालू असताना भिंतीला लागून, जमिनीवर चटईवर ठेवते. तिथून ती पडू शकत नाही.

गेल्या भाऊबीजेपासून अजून एक तिसरी डिस्कही आली आहे. भाऊ सांगलीत असतो. भाऊबीजेला तो आला की भरलेली डिस्क घेऊन जातो, गुढीपाडव्याला परत आणून देतो आणि दुसरी नेतो. साताऱ्यातल्या आमच्या घरात काही झालं, तरी एक संच सांगलीत असतो. पहिल्या वेळी मी त्याला सांगून ठेवलं होतं की दासनवमीचं १९८८ चं कीर्तन ऐक. माघात अर्ध्यावर थांबलेलं तेच. त्यात मध्यावर लाइट जाते. मागून कुणीतरी "बुवा, लाइट गेली" म्हणतं, माइकचा घुमारा एकदम नाहीसा होतो. पेटीवाला क्षणभर थांबतो. टेप सेलवर चालू होता म्हणून पुढचं सगळं आलं आहे: चिपळ्या, मागच्या रांगेतली कुजबुज, आणि माइकशिवायचा बाबांचा घरातला आवाज.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "अगं ताई, तो भाग कितव्या मिनिटाला आहे?"

"चौतिसाव्या," मी म्हटलं, आणि फोन न ठेवता दोघांनी आपापल्या घरी तो लावला.